मुका पडदा

'यूझर' हा शब्द अक्कांसमोर उच्चारायची सोय नव्हती. ऑफिसात नवा मुलगा लागला, चार इंग्रजी पुस्तकं वाचून आलेला असला, की पहिल्या आठवड्यात कधीतरी म्हणायचाच, "इथं यूझर क्लिक करेल, मग पुढची विंडो उघडेल." अक्का हातातलं काम थांबवायच्या आणि खुर्ची त्याच्याकडे वळवायच्या.

"कोण क्लिक करंल?"

"यूझर."

"त्याला नाव न्हाय? आईबापानं काय तरी ठेवलं आसंल की."

मुलगा हसायचा. त्याला वाटायचं थट्टा चाललीय. अक्का हसत नसायच्या. एखाद्या खऱ्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय त्या पुढचं ऐकूनच घ्यायच्या नाहीत. शेवटी पोरगं वैतागून कुठल्या तरी नर्सबाईंचं नाव सांगायचं, मग अक्का विचारायच्या की त्या बाईंना चष्मा आहे का, त्यांच्या टेबलावर उजेड कुठून येतो, त्यांच्या हातात त्या वेळी काय असतं. ह्यातलं काहीच माहीत नसायचं. "मग बघून ये जा," म्हणून अक्का पाठ फिरवायच्या.

गिरिजा पट्टणशेट्टी हे त्यांचं पूर्ण नाव. राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. माने सर मालक. दवाखान्यांना लागणारा प्रोग्राम आम्ही करून द्यायचो: पेशंटची नोंद, कुठला वॉर्ड, कुठली खाट, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, कोल्हापुरात अजून निम्मे डॉक्टर कॉम्प्युटरवर कापडी खोळ घालून ठेवत होते तेव्हा, हा प्रोग्राम अक्कांनी जवळपास एकटीनं लिहिला. तो दवाखान्यात नेऊन बसवायचा आणि लोकांना शिकवायचा, हे माझं काम. म्हणजे त्यांनी लिहायचं आणि लोकांच्या शिव्या मी खायच्या, अशी आमची वाटणी होती. त्या शिव्या मी जशाच्या तशा परत आणून सांगायचो, म्हणून त्यांना मी बरा वाटत असेन. नाही तर त्यांना बरं वाटणारी माणसं फार नव्हती.

त्या जयसिंगपूरच्या. घरचं खतांचं दुकान, ते धाकटा भाऊ बघायचा. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही. रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या. उंच, हाडापेरानं रुंद, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आणि पदराला सेफ्टी पिनेऐवजी पेन अडकवलेलं. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं त्या स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असं बोलायच्या. पुण्याहून आलेल्या एका साहेबांनी एकदा ते सुधारायचा प्रयत्न केला. "मी करते, मॅडम," असं ते समजावून सांगू लागले. अक्का म्हणाल्या, "तुम्ही करताय? बरं झालं. मग मी जेवायला जातो." आणि खरंच डबा उघडून बसल्या.

डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. शेजारी बसलेल्याला न विचारता अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवायच्या. नको म्हटलेलं चालायचं नाही. ज्याच्यावर सकाळभर जाळ काढला त्यालाही द्यायच्या, पण त्याच्याशी बोलायच्या नाहीत.

जाळ काढणं हा त्यांचा दोष होता, आणि तो लहान दोष नव्हता. साताऱ्याकडून आलेली एक मुलगी आमच्याकडे लागली होती. हुशार, जरा भित्री. तिनं रिपोर्टाच्या पडद्यावर, म्हणजे स्क्रीनवर, हौसेनं रंग भरले, फुलं काढली. अक्कांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हे काय, लग्नाचा मांडव घातलास? आत पेशंट मरायला लागलाय आणि बाहेर तुझी फुलं." मुलगी दोन दिवस आली नाही आणि मग कधीच आली नाही. मी अक्कांना म्हणालो, "जरा हळू सांगायचं होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हळू सांगितलेलं कोण ऐकतंय इथं?" एवढंच. पश्चात्ताप झाला असेल तर तो दिसला नाही.

प्रोग्राम तपासायची त्यांची एक रीत होती. नवा पडदा तयार झाला की त्या कॉम्प्युटरच्या मागे हात घालून माऊसची वायर उपटायच्या आणि म्हणायच्या, "आता चालव." फक्त कीबोर्डवर सगळं काम झालं पाहिजे, टॅब दाबत दाबत एका रकान्यातून दुसऱ्यात जाता आलं पाहिजे, मध्ये कुठं अडकायला नको. पोरं मागून बोटं मोडायची. पण ही रीत त्यांना मुळात कुठून लागली ते पोरांना माहीत नव्हतं. ती विलासमुळे लागली.

विलास चौगुले कोडोलीचा. कॉलेजात असताना कसल्याशा आजारानं दृष्टी गेली. जिद्दीनं बी.ए. झाला आणि कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागला. माझ्याच वयाचा, आवाज खणखणीत, शर्टाला कडक इस्त्री. तिथं आमचा प्रोग्राम मी बसवला तेव्हा तो म्हणाला, "पावणं, सगळ्यांला शिकवलासा. मला कवा?" मी "तुम्हाला?" एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "डोळं न्हाईत म्हणून विचारताय व्हय? माझ्याकडं वाचणारा हाय की."

मुंबईला अंधांसाठीच्या एका शिबिराला तो गेला होता, तिथून त्यानं पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम आणला होता. पडद्यावर जे असेल ते तो यांत्रिक आवाजात बोलून दाखवायचा, पण इंग्रजी ढंगात. पाटीलला 'पॅटिल', कांबळेला 'कॅम्बल', शाहूवाडीचं तर काहीच्या काही. विलास त्याला 'आमचा गोरा' म्हणायचा. गोऱ्याचे उच्चार त्याला इतके अंगवळणी पडले होते की तो म्हणायचा, "आता घरात आय पाटील म्हणली की मला कळत न्हाय, कोण आलंय ते."

पण आमच्या प्रोग्रामसमोर गोरा अडला. प्रत्येक रकान्यावर गेलं की फक्त 'रकाना, रकाना, बटण' असंच म्हणायचा. कुठला रकाना, कसलं बटण, ते सांगायचा नाही. हे मी ऑफिसात येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी अक्का दवाखान्यात हजर. विलासच्या शेजारी स्टुलावर बसल्या, त्याच्या हेडफोनचं एक टोक आपल्या कानाला लावलं, डोळे मिटले आणि दिवसभर तशाच बसून राहिल्या. जेवायच्या वेळी अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. जाताना म्हणाल्या, "विलास, मला थोडा येळ दे. मी करतो."

आणि केलं. प्रत्येक रकान्याला, प्रत्येक बटणाला आतून नाव दिलं. टॅब दाबला की कुठून कुठं जायचं त्याचा क्रम लावला. काही आठवड्यांनी विलास फोनवर बसून एका कानानं माणसाचं आणि दुसऱ्या कानानं गोऱ्याचं ऐकायला लागला. दवाखान्यात लांबून लांबून फोन यायचे, कुठल्या कुठल्या वाडीवरनं, एसटीडी बूथवरनं. आमचा म्हातारा कुठल्या खोलीत आहे, बायको बाळंत झाली का, ऑपरेशन झालं का. पूर्वी विलास वॉर्डात इंटरकॉम लावायचा, तिथं कोणी उचलायचं नाही, पलीकडचा माणूस बूथवर मीटरचे आकडे बघत राहायचा. आता तो म्हणायचा, "गडबड करू नका. पेशंटचं नाव सांगा. गावाचं न्हवं, माणसाचं." आणि क्षणात उत्तर द्यायचा.

एकदा वळवाच्या पावसात शाहूवाडीकडं वऱ्हाडाचा टेम्पो उलटला आणि जखमी सगळे त्याच दवाखान्यात आणले. मी आणि अक्का योगायोगानं तिथं होतो. फोन ठेवायला सवड नव्हती. दोन्ही गावांचे नातेवाईक, सोयरे, कोण कोण रडत विचारत होतं. नोंदणीच्या खिडकीवर पेशंटची नावं चढत होती आणि पाठोपाठ विलासच्या कानात पडत होती. "नवरदेव हाय, बोलतोय, पाय मोडलाय. करवली आयसीयूत हाय. तुमची कोण? बहीण? मग तुम्ही निघा, मामा, लगेच निघा." त्यातला 'एक्स्पायर्ड' हा शब्दही गोऱ्यानं त्याच आवाजात सांगितला असणार. विलास एकदाच थांबला, घोटभर पाणी प्यायला आणि पलीकडच्याला म्हणाला, "जवळ कोण मोठं माणूस हाय का? त्यांच्याकडं द्या फोन."

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी माऊस उपटायला सुरुवात केली.

मग दोन हजार सालानंतरची वर्षं आली. आमचा प्रोग्राम जुना दिसू लागला होता, हे खरंच होतं. प्रोग्रामचं खरं काम आत चालतं, पण पडद्यावर दिसणारी बटणं, रकाने, याद्या हे सगळं सामान कोणी नव्यानं घडवत बसत नाही. त्याचा तयार संच मिळतो, टूलकिट म्हणतात त्याला. आम्ही वापरत होतो तो संच बनवणाऱ्यांनीच सोडून दिला होता. शिवाय पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला प्रोग्राम विंडोजवर आणि लिनक्सवर, दोन्हीकडं चालायला हवा होता. माने सर पुण्याहून नव्या टूलकिटची सीडी घेऊन आले. गोल कडांची, चकचकीत बटणं. दाबलं की आत जातात, सोडलं की सावली पडते. सगळं ऑफिस सरांच्या टेबलाभोवती गोळा झालं.

लोकांना पुढं वाटायचं की अक्का बदलाच्या विरोधात होत्या. तसं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बदलू की. भिंती त्याच ठेवायच्या, दारं-खिडक्या नव्या बसवायच्या. मी करतो." सीडी घरी नेली. पुढच्या आठवड्यात मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. त्या कधी बसून बोलायच्या नाहीत.

"सर, ह्याच्यात एक घोळ हाय. जुनी बटणं विंडोजची स्वतःची होती. वाचणाऱ्या प्रोग्रामनं विचारलं, तू कोण, तर विंडोज सांगायचं, हे बटण हाय, ह्याचं नाव अमुक. ही नवी बटणं म्हणजे नुसती चित्रं हाईत. टूलकिट स्वतः रंगवतंय. विचारलं तर उत्तर द्यायला आत कोण न्हाईच."

"म्हणजे?"

"म्हणजे विलासला पडदा मुका."

सर वाईट माणूस नव्हते. "असे किती लोक आहेत, मॅडम?" रागावले की ते अक्कांना मॅडम म्हणायचे.

"मला म्हाईत असलेला एक."

"एका माणसासाठी आपण पुण्याचं काम सोडायचं?"

"दवाखान्यात भरती होताना तुम्ही किती जण असता, सर?"

कोणीतरी खाकरलं. सर म्हणाले, "तुमचा वेळ तुम्ही कसाही घाला. शेड्यूल हलणार नाही."

अक्कांना ती परवानगी वाटली. पुढचं जवळजवळ वर्षभर त्या दोन कामं करत होत्या. ऑफिसच्या वेळात पडदे नव्या टूलकिटवर आणायचे आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी एक वेगळा भाग लिहायचा. नव्या बटणांच्या आणि वाचणाऱ्या प्रोग्रामच्या मध्ये बसून, कोण काय आहे ते सांगणारा. टूलकिटवाल्यांनी तशी सोय अर्धवट करून ठेवली होती. पुढल्या आवृत्तीत पूर्ण करू, असं त्यांच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं. अक्का ते वाक्य वाचून हसायच्या, बरं हसू नसायचं ते. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. केस त्या वर्षात पांढरे झाले. डब्यात भाकरीऐवजी बेकरीतले पाव यायला लागले. अर्धा देण्याची पद्धत मात्र सुटली नाही.

काम होत आलं तेव्हा त्यांनी विलासला ऑफिसात बोलावलं. तो बसनं आला, काठी टेकत जिना चढला, हेडफोन घातला आणि टॅब दाबला. गोरा क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "पेशंट नेम."

"बोलला," विलास म्हणाला. "जरा तोतरा झालाय अक्का, पण बोलला."

अक्का हसल्या. त्यांचं साधं, मोकळं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खालून खारी मागवली आणि सगळ्यांना वाटली.

त्यानंतर त्यांचे वडील गेले आणि त्या दिवसकार्यासाठी जयसिंगपूरला राहिल्या. त्याच दिवसांत पुण्याच्या गिऱ्हाइकासमोर प्रोग्राम दाखवायचा होता. अक्कांच्या त्या भागामुळे मोठ्या याद्या उघडायला वेळ लागायचा. सरांनी तो भाग काढून टाकायला सांगितला, पोरांनी काढला, यादी झटकन उघडली, काम मिळालं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि अक्कांना कोणी कळवलं नाही. सुतकातल्या माणसाला कशाला त्रास, असं नंतर एकजण म्हणाला.

दवाखान्यात नवा प्रोग्राम बसवायला आम्ही दोघं गेलो. अक्का मुद्दाम आल्या होत्या. सगळे विभाग सुरू झाल्यावर शेवटी विलासचा कॉम्प्युटर. त्यानं हेडफोन घातला, टॅब दाबला. परत दाबला. मान जरा तिरपी केली.

"अक्का, गोरा बोलंना झालाय."

त्यांनी हेडफोनची वायर बघितली, आवाज वाढवला, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. मग फोल्डर उघडलं आणि वरपासून खालपर्यंत फायलींची नावं बघत गेल्या. पुन्हा वर आल्या.

"सुहास, माझी फाईल कुठं हाय?"

"सीडीवर जे होतं ते सगळं टाकलंय, अक्का."

त्यांनी विलाससमोरचाच फोन उचलला आणि ऑफिसला लावला. सर पलीकडून काय बोलले ते ऐकू आलं नाही. अक्का एवढंच म्हणाल्या, "मला सांगायचं तरी." मग ऐकत राहिल्या. रिसीव्हर खाली ठेवला, पण हात त्याच्यावरच राहिला.

विलास म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पुढच्या खेपेला करू."

"साकु," अक्का म्हणाल्या. कन्नडात, पुरे ह्या अर्थी. कोणाला म्हणाल्या ते मला कळलं नाही.

जुना प्रोग्राम परत टाकून द्या म्हणून त्या दवाखान्याच्या व्यवस्थापकांकडं गेल्या. पण सगळी माहिती नव्या पद्धतीत गेलेली, बाकी सगळ्यांचं काम सुरळीत सुरू झालेलं. ते म्हणाले, "ताई, चौगुलेंचं आम्ही बघतो." त्यांनी बघितलं. फोनवर एक डोळस मुलगी बसवली आणि विलासला औषधांच्या खिडकीजवळच्या बाकावर बसायला सांगितलं. पगार चालू ठेवला. मी तिथं गेलो की तो पावलांवरून ओळखायचा. "या पावणं. बसा. हितं दुसरं काम न्हाय." शर्टाची इस्त्री तशीच कडक होती. तिकडं फोन वाजला की त्याचा हात मात्र अजून गुडघ्यावरून जरासा उचलला जायचा.

ऑफिसात अक्कांनी तो भाग परत घालण्यासाठी सहा-सात महिने भांडण केलं. याद्या वेगानं उघडतील अशी दुरुस्तीही करून दिली. पण प्रत्येक वेळी पुण्याचं काहीतरी आधी असायचं. सर म्हणायचे, पुढच्या आवृत्तीत नक्की. पुढची आवृत्ती निघायची आणि त्यात नवे रंग असायचे.

खंडेनवमीला आमच्याकडं कॉम्प्युटरची पूजा व्हायची. मॉनिटरला झेंडूच्या माळा, कीबोर्डवर हळदकुंकू. त्या वर्षी सरांनी नारळ फोडून छोटंसं भाषण केलं. नव्या प्रोग्राममुळे आपण कुठून कुठं गेलो, पुण्यात आपलं नाव झालं, वगैरे. अक्का दाराजवळ उभ्या होत्या. भाषण संपल्यावर शांतपणे म्हणाल्या, "सर, विलास अजून बाकावर बसलाय."

सर म्हणाले, "मॅडम, आज नको."

"आज न्हाई, उद्या न्हाई. पुढच्या आवृत्तीत." त्यांनी टेबलाच्या खणातून डबा आणि छत्री घेतली. मॉनिटरची माळ काढून बाजूला ठेवली, कॉम्प्युटर बंद केला, माळ परत घातली. आणि जिना उतरून गेल्या. प्रसादाचे पेढे फिरत होते. कोणीतरी हळूच गाणं लावलं. खरं सांगायचं तर ऑफिसला मोकळं वाटलं. माऊस उपटणारं कोणी राहिलं नव्हतं.

तीनेक वर्षं गेली. आमचा प्रोग्राम परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला विकायचं घाटत होतं. तिकडून कराराचा मसुदा आला, त्यात एक अट होती. अंध कर्मचाऱ्याला हा प्रोग्राम वापरता आला पाहिजे, तिथला कायदाच तसा होता. ऑफिसात आता अक्कांना ओळखणारे सर आणि मी, दोघंच. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. "अक्कांना विचारून बघशील?"

मी जयसिंगपूरला गेलो. दुकानात खताच्या पोत्यांच्या थप्पीला लागून त्या बसल्या होत्या. युरियाचा उग्र वास. भावानं खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. गिऱ्हाईक आलं, अक्कांनी त्याला बियाणं दिलं, मग म्हणाल्या, "तिकडं कायदा हाय म्हणून व्हय?"

"हो."

"आणि विलास?"

दवाखान्यात जाऊन मला वर्षावर होऊन गेलं होतं, तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "येतो मी. पण दवाखान्यातबी बसवायचा. सरांनी तसं कबूल केलं तर."

सरांनी कबूल केलं. अक्का पुन्हा पॅसेंजरनं येऊ लागल्या. त्यांच्या जुन्या जागेवर दुसरं कोणी बसत होतं, म्हणून भिंतीकडच्या टेबलावर बसायच्या. कामापुरतं बोलायच्या. कोणी त्यांच्यासमोर 'यूझर' म्हणालं तरी मान वर करायच्या नाहीत. डबा एकट्या खायच्या. काही आठवड्यांत पडदा बोलायला लागला, पूर्वीपेक्षा स्पष्ट, अजिबात न अडखळता. परदेशी लोकांना तो इतका आवडला की आमच्या माहितीपत्रकावर पहिल्याच पानात ते छापलं गेलं. अक्कांचं नाव छापायचा प्रश्न कोणाच्या मनात आला नसावा. त्यांनी ते पत्रक उचलून पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "सुहास, चल दवाखान्यात."

दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर कोणी नव्हतं. आता फोन यंत्र उचलत होतं. वॉर्डासाठी एक दाबा, बिलासाठी दोन. व्यवस्थापक बदलले होते. ते म्हणाले, "चौगुले? त्यांनी मागच्या वर्षी स्वतःहून निवृत्ती घेतली. ते पदच आता राहिलेलं नाही."

अक्का म्हणाल्या, "चल."

"कुठं?"

"कोडोलीला."

विलास घराच्या सोप्यात बसला होता. शर्ट चुरगळलेला. आमचे आवाज ऐकून उठला, खुर्च्या मागवल्या, भावजयीला चहा टाकायला सांगितला. अक्कांनी सगळं सांगितलं. प्रोग्राम बोलतोय, चांगला बोलतोय, यादीसुद्धा वाचतोय.

"लई झाक," तो म्हणाला. "कुठं चालतोय म्हणालासा?"

"परदेशात."

"तिकडं माझ्यासारखं कोण आसंल न्हवं?"

"आसंल. त्याच्यासाठीच घेतलाय त्यांनी."

"मग बरं झालं." त्यानं बशीतला चहा फुंकला. "मी आता न्हाय बसायचो अक्का, कुणी बोलीवलं तरी. बाकावर लई बसलो. पहिली पहिली मनातल्या मनात टॅब दाबायचो, कुठल्या रकान्यानंतर कुठला, सगळं पाठ होतं. मग एक दिवस आठवायला गेलतो, तर आठवंना. बोटं इसरली."

निघताना अक्कांनी त्याचा हात हातात घेतला, तोच जास्त वेळ धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचा काय दोष न्हाय ह्यात." त्या म्हणाल्या, "दोष कुणाचाच नसतोय, विलास. सगळ्यांनी आपापलं काम केलं."

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. स्टँडवर उतरलो तर जयसिंगपूरची गाडी लागलेलीच होती, भरलेली. मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "अक्का, आता येत जा अधूनमधून ऑफिसला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. खरोखरच विचारत असल्यासारखं त्यांनी विचारलं, "कशाला?"

मी कारण शोधत होतो. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली. त्या पदर खोचून वर चढल्या, आत बसायला जागा नव्हती. गाडी फाटकातून वळेपर्यंत मागच्या काचेतून दिसत होत्या, दांडीला धरून उभ्या, तोंड पुढं.